झेलणाऱ्याचे हात

निकाल लागला तो बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी, आणि शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत सगळं गाव ओरडलं. मेलेल्या माणसाच्या चौकशीत जिंकण्यासारखं काय असतं, देव जाणे. पण बऱ्हाणपूरला जिंकल्यासारखंच वाटलं. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवरून कारकुनानं मॅजिस्ट्रेटसाहेबांचा निष्कर्ष वाचून दाखवला. सर्कशीतली प्रसिद्ध झुलेवाली रंभाबाई हिचा मृत्यू तिला झेलणारा सुकलाल, राहणार धूलकोट, याने मद्यप्राशन करून केलेल्या हयगयीमुळे झाला, सबब त्याच्यावर खटला भरावा. 'सबब'पर्यंत कुणी ऐकलंच नाही. 'मद्यप्राशन' म्हटल्याबरोबर टोप्या उडाल्या.

"दारुड्यानं मारलं आपल्या रंभेला!"

"फाशी द्या हरामखोराला, फाशी!"

आपली रंभा! बारा-तेरा वर्षं हेच गाव तिचं नाव निघालं की थुंकत होतं. रावेरच्या नवऱ्यानं हाकलून दिलेली पोर सर्कशीबरोबर निघून गेली, तेव्हा बापानं ती जिवंत असताना तिच्या नावानं आंघोळ केली आणि शेजारीपाजारी "बरं केलंत" म्हणायला दारात आले. मग ती मुंबई-कलकत्त्याला गाजली. साहेबांनी पदकं दिली, पानवाल्यांच्या दुकानांत तिच्या तसबिरी लागल्या. या कार्तिकात सर्कस पहिल्यांदाच बऱ्हाणपूरच्या नदीकाठी उतरली, आणि पहिल्याच खेळात रंभा उंच झुल्यावरून खाली आली ती उठलीच नाही. तेव्हापासून ती सगळ्यांची झाली. तिच्यासाठी हरताळ पाळायला आता कुणाला लाज वाटत नव्हती.

रंभेच्या थोरल्या भावाला, अनंताला, ही बातमी धाकट्या भावानं आणून दिली. अनंत पुढच्या पडवीत, बंद ऐरणींसमोर बसला होता. या घरात तीन पिढ्या चांदीची तार ओढून, ठोकून चपटी करायचा धंदा. त्या चपट्या पट्टीला बादला म्हणतात. कापडावर चढला की असा झळकतो की डोळे दिपावेत. सुतक फिटलं होतं, पण ऐरणीला हात लावायची इच्छा अनंताला होत नव्हती. तरी तो दिवसभर तिथंच बसायचा, कारण आत आईचं तोंड बघवत नव्हतं.

"दादा! लागला निकाल!" सुधाकर धापा टाकत आला. तो शाळेत मास्तर होता, एरवी सावकाश बोलणारा. आज त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. "आपण म्हणत होतो बराबर तसाच. लोक आपल्या मायला हार घालायला इकडंच यायला निघालेत. संध्याकाळी घाटावर ताईच्या नावानं सभा आहे. तू चार शब्द बोल."

"मी काय बोलू?"

"अरे, थोरला भाऊ आहेस तू तिचा!"

अनंत ऐरणीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, "त्याला काय होईल रे? त्या सुकलालला?"

"सक्तमजुरी. लोक म्हणतात काळं पाणी. व्हायलाच पाहिजे."

"लोकांचं सोड."

"तुला त्याची एवढी फिकर कशाला?" सुधाकरचा आवाज चिरकला. "तुम्ही सगळे ती मेली म्हणून बसला होतात, तेव्हा मी जळगावला जाऊन चोरून खेळ पाहिला होता. तंबूच्या मागं भेटलो. मला म्हणाली, सुध्या, गावाकडची शेव आणलीस का रे? आणि मी आणली नव्हती! अजून ते आठवलं की घास उतरत नाही. ज्यानं तिला सोडलं त्याला मी सोडणार नाही, सांगून ठेवतो."

आतल्या दाराशी मालती उभी होती. अनंताची बायको. तिनं सगळं ऐकलं, आणि पदर तोंडात कोंबून ती तिथंच भिंतीला टेकली.

मालतीला निकालाची धास्ती पहिल्या दिवसापासून होती. पंच सगळं तपासतील, रंभेच्या अंगावरच्या चोळीवर हात ठेवतील आणि विचारतील, ही कुणी शिवली? मग आपण मरून जाऊ, असं तिला वाटायचं. पण पंचांनी तसलं काही विचारलंच नाही. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा? रंभेच्या आईनं पुढं धावत जाऊन लेकीवर आपली शाल पांघरली होती, ती उचलायची कुणाची छाती झाली नाही. पाचही पंचांनी लांबूनच तोंड पाहिलं, हळहळले, आणि मग सुकलालच्या तोंडाचा वास घेतला. झाला पंचनामा.

आणि आता हा निकाल. मालतीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती दार ढकलून पडवीत आली. भावजींसमोर डोक्यावरचा पदर सरकला, तेही तिला कळलं नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी सांगा."

"आत जा तू."

"नाही जात. एक माणूस तुरुंगात सडणार आहे. आपल्यामुळं."

"मालती!"

"काय आपल्यामुळं?" सुधाकर दोघांकडं बघत राहिला. "वहिनी, काय बोलताय?"

मालतीनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. तो बोलणार नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तीच बोलली.

"तुम्ही शाळेच्या परीक्षेला खंडव्याला गेला होतात भावजी. सर्कस गावात येणार कळलं तेव्हा सासूबाईंनी अन्न सोडलं. म्हणाल्या, माझी लेक माझ्या गावात येते, तिला माहेरचा आहेर गेलाच पाहिजे. यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. आमच्या गावात उघड्या दंडांनी लटकायचं नाही. मनगटापर्यंत बाह्या पाहिजेत, तर आहेर. मग सासूबाईंनी स्वतः बादला ठोकला. मी चोळी शिवली. बाह्यांच्या तोंडाशी, मनगटावर, हा एवढा पट्टा, सगळा बादल्याचा. लखलखीत. इच्छादेवीच्या पायाला लावून आणली आणि ऐन खेळाच्या दिवशी पाठवली."

"मग?"

"अहो भावजी, ते झुल्यावर हात धरत नाहीत. मनगट धरतात. हाताला राख चोळून मनगट." मालतीनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "राख कातड्याला चिकटते. चांदीला काय चिकटणार?"

सुधाकर हळूहळू खाली बसला. खेळाच्या वेळेपर्यंत तो खंडव्याहून परतला होता; सोनचाफ्याच्या रंगाची ती चोळी त्यानंही पाहिली होती. सगळ्या तंबूनं पाहिली होती. रंभा झुल्यावर उभी राहिली तेव्हा दोन्ही मनगटं अशी झळकली की हजार माणसांनी एकदम 'आहा' केलं होतं. त्यात त्याचाही आवाज होता.

"तिला कळलं नसेल?" तो पुटपुटला. "ती एवढी हुशार... कात्रीनं कापून टाकायचा तो पट्टा!"

"देवीच्या पायाला लावलेल्या आहेराला कात्री लावतात का?" मालती म्हणाली. "एवढ्या वर्षांनी आलेला आहेर."

मग सुधाकर उठला आणि त्यानं मोठ्या भावाची बंडी गळ्याशी धरली. "तुझी अट? तुझी? साहेबांनी तिला पदकं दिली, आणि तुला तिचे दंड दिसले?"

"मार," अनंत म्हणाला. "मार मला. मी रोज वाट बघतोय, कुणीतरी मारेल म्हणून."

सुधाकरनं मारलं नाही. त्याचे हात गळून पडले आणि तो भावाच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागला. अनंतही रडला. लहानपणापासून या दोघांचं कधी एक मत झालं नव्हतं, आज झालं. डोळे पुसून सुधाकरनंच पुढचं आणि आतलं, दोन्ही दारं लावून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "हे कुणाला सांगायचं नाही. वहिनी, तुम्हीसुद्धा नाही. मायनं स्वतःच्या हातानं ठोकलेला बादला आहे. तिला कळलं तर ती तापीत उडी घेईल."

"तेच म्हणतोय मी," अनंत म्हणाला.

"आणि तो सुकलाल?" मालतीनं विचारलं.

"दारू प्यायला होता ना तो? मग!"

"आणि नसला प्यायला तर?"

"वहिनी, मला एक आई आहे. बहीण गेली. आता आई पण घालवू?"

मालतीला त्या दोघांचा राग आला. ज्याला आईबाप नाहीत, भाऊ नाहीत, त्याच्या नावावर आपलं पाप खपवायचं आणि वर आईची माया सांगायची, ही कुठली रीत?

"दार उघडा," आतून आवाज आला. "किती वेळ कुजबुजताय? मी काही बहिरी नाही झाले."

मालतीनं आतलं दार उघडलं तर सासूबाई, मथुराबाई, माजघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक. गुडघे धरून, अंगाचं मुटकुळं करून. लेक गेल्यापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या, आणि लोक म्हणत होते, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

"माय, तू आत जा, लोक येतायत," सुधाकर म्हणाला.

"येऊ देत." त्यांनी थोरल्याकडं पाहिलं. "मला सांगायचं नाही म्हणता? अरे बाबांनो, तिला शेवटची आंघोळ कुणी घातली?"

त्यांनी आपले दोन्ही हात वर करून दाखवले.

"मीच ना? शाल काढली तेव्हा पाहिलं मी. दोन्ही मनगटांवरचा बादला पार सोलून निघाला होता. चार बोटं आणि अंगठा, चार बोटं आणि अंगठा. जन्मभर बादला ठोकलाय मी. कशानं सोलतो, मला कळत नाही? त्यानं सोडलं असतं तर असा सोलला असता का? त्यानं धरून ठेवलं होतं, म्हणून सोलला. आणि दारूचं म्हणाल तर मी पहिल्या बाकावर होते. ती पडल्यावर सुकलाल दोर धरून खाली आला आणि लहान पोरासारखा थरथरायला लागला. तेव्हा सर्कशीच्या मालकानं त्याच्या तोंडात बाटली ओतली. पंच आले ते त्याच्यानंतर."

"माय!" अनंत पुढं झाला. "तुला माहीत होतं? मग तू बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

"का?"

"मला जगायचं होतं रे." हे म्हणताना म्हातारीचा चेहरा असा झाला की मालतीनं मान फिरवली. "मी म्हटलं, घेऊ दे दुसऱ्या कुणाला. कुणाचा तरी पोर आहे, घेईल. आणि आपल्या घरातलं कुणी बोललं नाही तर कदाचित मलाच वाटायला लागेल, की त्यानंच सोडलं म्हणून. रोज सकाळी स्वतःला तेच सांगत होते. सवय होते म्हणतात माणसाला. मला होईना."

बाहेर गलका झाला. ताशा वाजत होता. ताशा! मेलेल्या मुलीच्या घरी! "रंभाबाईकी जय" असं कुणीतरी ओरडलं, आणि दारावर थापा पडल्या.

मथुराबाई भिंतीला धरून उठल्या. अनंत आडवा आला.

"माय, नको. मी हात जोडतो. जे काय आहे ते मी घेतो माझ्यावर."

"तू तुझं घे. माझं मला घेऊ दे."

दार उघडलं तर गल्ली माणसांनी भरलेली. सगळ्यांत पुढं शेजारच्या गोदाबाई, हातात झेंडूचा हार घेऊन. बापानं आंघोळ केली तेव्हा "घराणं वाचवलंत" म्हणणाऱ्या याच.

"मथुरा, न्याय मिळाला गं लेकीला!" गोदाबाईंनी गळा काढला. "देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही!"

त्यांनी हार वर केला. मथुराबाईंनी तो हातानं अडवला.

"गोदे, मला हार घालू नको. ऐका रे सगळे! त्या पोरानं नाही मारलं माझ्या रंभेला. मी पाठवलेल्या चोळीनं मारलं. मनगटावर बादला होता, त्याचा हात घसरला."

ताशा थांबला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "च्च च्च, बिचारी! डोकं फिरलं दुःखानं."

"दिमागपे असर हो गया माताजीके."

"आत न्या हो तिला. ऊन बाधेल."

मथुराबाई पुन्हा तेच म्हणाल्या. गोदाबाई "हो गं, हो गं बाई" करत त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. कुणी ऐकतच नव्हतं. लोकांना हवा तो निकाल मिळाला होता, संध्याकाळची सभा ठरली होती, आता त्यात ही म्हातारीची चोळी कुणाला हवी होती? मथुराबाईंना पहिल्यांदाच रडू फुटलं. खरं बोलायला एवढे दिवस घेतले, आणि आता ते कुणी घेईना!

तेव्हा अनंत दारात येऊन उभा राहिला. नाकासमोर चालणारा, बोलायला घाबरणारा अनंत.

"माय वेडी नाही झाली," तो म्हणाला. "बाह्यांची अट माझी होती. तुम्ही काय म्हणाल या भीतीनं घातली. उद्या शनवाऱ्यातनं जाताना कुणी हसू नये म्हणून. बहीण माझी आणि भीती तुमची. बस, एवढंच."

आता मात्र लोकांनी ऐकलं. आणि जे ऐकलं ते त्यांना बिलकूल आवडलं नाही.

"म्हणजे गाव वाईट, नाही का?"

"सर्कसवाल्यानं पैसे चारले असतील!"

"मेलेल्या बहिणीचा सौदा केला रे यानं!"

गोदाबाईंनी हार गोळा करून ओटीत धरला आणि काही न बोलता घरी निघून गेल्या. चार-पाच जण अनंताच्या अंगावर आले तेव्हा मध्ये पडला तो सुधाकर. "हात लावून दाखवा माझ्या भावाला!" असा ओरडला की गर्दीतली त्याच्या वर्गातली मोठी पोरंसुद्धा मागं सरली. मग त्यानं एका हातानं आईला धरलं, दुसऱ्या हातानं भावाला, आणि सुकलाल कोठडीत होता त्या कोतवालीकडं ते तिघं चालू लागले. मालती दाराला कडी घालून मागोमाग निघाली. भर बाजारातून त्या घरातली सून अशी पहिल्यांदाच चालत गेली. वाटेत कुणीतरी थुंकलं. तिनं लुगडं सावरलं आणि पाय उचलला.

फौजदार भला माणूस होता, पण कायद्यापुढं तो तरी काय करणार? "मांजी, निकाल साहेबांनी दिलाय. मी कोण बदलणार?"

"बदलू नका. माझा जबाब लिहून घ्या," अनंत म्हणाला. "तो खंडव्याला मोठ्या कोर्टात पाठवा."

"पुरावा काय? चोळी कुठाय?"

"तिच्याबरोबर जळाली," मालती म्हणाली. "तिच्या अंगावरून मी काढू दिली नाही."

फौजदारानं सुस्कारा टाकला. "मग नुसत्या शब्दांवर..."

"त्याला बोलवा," मथुराबाई म्हणाल्या.

सुकलालला गजांपाशी आणलं. उंच, खांद्यानं रुंद माणूस, पण कुणीतरी मुरगळून ठेवल्यासारखा वाकलेला. दाढी वाढलेली. मथुराबाईंना पाहताच त्यानं नमस्कार केला आणि हात पटकन पाठीमागं घेतले.

"साहेब, यांचं ऐकू नका," अनंतानं सगळं सांगितलं ते ऐकून तो म्हणाला. "माझाच हात सुटला. मी पिलो होतो. गुन्हा कबूल करतो ना मी, मग अजून काय?"

"हात दाखव," मथुराबाई म्हणाल्या.

"काही नाही माय हाताला."

"दाखव म्हणते ना!"

त्यानं हात पुढं केले. दोन्ही तळव्यांवर बोटांपासून मनगटापर्यंत बारीक, काळ्या पडलेल्या चिरा होत्या, एकीला लागून एक. फौजदाराला त्यातलं काही कळलं नाही. पण बादल्याच्या घरात वाढलेल्या सुधाकरनं त्या पाहिल्या आणि तो "अरे देवा" म्हणून गजांवर डोकं टेकून उभा राहिला. ज्याला सोडणार नाही म्हणून इतके दिवस गावभर ओरडत होता, त्याच्याकडं त्याला बघवेना.

"सुटणाऱ्या हाताला असं कापत नाही, फौजदारसाहेब," अनंत म्हणाला. "शेवटपर्यंत धरलं तरच कापतं."

फौजदारानं कंदील जवळ आणायला सांगितला आणि दौत पुढं ओढली.

"का रे बोलला नाहीस?" मथुराबाईंनी विचारलं. "काळ्या पाण्यावर गेला असतास."

सुकलालनं खाली मान घातली. मग हळू म्हणाला, "वर चढताना मी बोललो तिला, हे घसरीन, काढ. तर हसायला लागली. म्हणे, एवढ्या वर्षांनी मायनं काही पाठवलं, काढू कशी? आणि म्हणे, घसरतंय असं मायला सांगू नको हां, जीव तुटीन तिचा. तिचं शेवटचं बोलणं ना ते. मग मी पंचांना कसं सांगू?"

मालती मोठ्यानं रडू लागली. मथुराबाई रडल्या नाहीत. गजांमधून हात घालून त्यांनी त्याचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेतले.

"तू नाही रे सोडलंस तिला," त्या म्हणाल्या. "माझ्या जावयानं धरलं होतं."

तो शब्द ऐकला आणि एवढा उंच माणूस मट्कन गुडघ्यावर बसला. एवढी वर्षं रंभेच्या जोडीनं काढली, पण गावानं नाही, सर्कशीनं नाही, कुणीच त्याला आजवर रंभेचा कुणी म्हटलं नव्हतं. तो ओरडून रडू लागला, आणि त्याच्याबरोबर खाली ओढल्या जाऊन मथुराबाईही गजांच्या अलीकडं फरशीवर बसल्या.

जबाब लिहून झाला. अनंतानं सही केली, मालतीनं अंगठा दिला. फौजदार म्हणाला, "मांजी, आता हात सोडा त्याचे. आत न्यायचं आहे." थोड्या वेळानं त्यानं पुन्हा सांगितलं. मथुराबाईंनी सोडले नाहीत.